देवीला विचारून केलेलं अपडेट

या, असे जरा पुढे सरकून बसा. समुद्राची देवी माझूआई, तिच्या देवळातल्या एका पेटीची गोष्ट सांगायची आहे, आणि ती मोठ्यानं सांगण्यासारखी नाही. देवळाचे अध्यक्ष अजून तिथेच असतात.

तैवानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात हे देऊळ. कार्यालयात डिस्कांनी भरलेली एक साठवणपेटी आहे. देवळातलं चाळीसेक वर्षांचं गाणं तिच्यात जपलेलं. आ-किम मावशी देवीचं चरित्र गात असत, तेही तिच्यातच. मावशी गेल्या हिवाळ्यात गेल्या. देवीच्या जन्मदिवशी भरदुपारी त्यांचंच गाणं लावायचं ठरलं होतं.

पेटी सांभाळायला यू-हान नावाचा इंजिनियर होता. पेटीच्या पोटातलं फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारी आज्ञावली, जुनं झालंय, उत्सव आटोपला की नवं चढवू, असं त्यानं सुचवलं. पण खू अध्यक्ष कुठलंही काम देवीला विचारल्याशिवाय करत नसत. त्यांनी चंद्रकोरीसारखे ते दोन लाकडी कौल ओंजळीत घेतले आणि विचारलं, जन्मदिवशी सकाळीच करू का? जमिनीवर टाकल्यावर एकाची सपाट बाजू वर, एकाची फुगीर, म्हणजे होकार. लागोपाठ तीनदा होकार आला.

यू-हानला हे पटलं नव्हतं, पण देवीपुढे इंजिनियरचं काय चालणार. जन्मदिवशी सकाळी यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून तिकडे ठेवतात ती खाऊची हिरवी पुडी त्यानं पेटीवर ठेवली, तिची मुदत संपली नाही ना हे पाहिलं, हात जोडले आणि अपडेट सुरू केलं. पेटी बंद झाली, चालू झाली, हिरवे दिवे लागले. फक्त आत गाणं म्हणून एक दिसेना. नव्या फर्मवेअरला जुन्या डिस्कांची ओळखच पटत नव्हती.

"घाबरू नका," तो म्हणाला. "गाणी आहेत तिथेच. जुनं फर्मवेअर बाजूला जपलेलं असतं. मागे नेलं की झालं."

अध्यक्ष पेटीच्या आड उभे राहिले. "देवीनं तीनदा हो म्हटलंय. तू तिचा शब्द फिरवणार?"

मग मागे जायलाही कौल लावणं आलं. यू-हाननं टाकला, दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे देवी हसली, ना हो ना नाही. पुन्हा टाकला, पुन्हा हसली. अध्यक्षांचं म्हणणं पडलं की, नाव-गाव-जन्मतारीख सांगितल्याशिवाय देवी कशाला दाद देईल? त्यानं सगळं सांगितलं, पत्त्यात मजलासुद्धा. या वेळी दोन्ही फुगीर. स्वच्छ नकार.

आपलं म्हणणं देवीला नीट कळलं नसावं, असं यू-हानला वाटलं. म्हणून त्यानं कुठल्या आवृत्तीवरून कुठल्या आवृत्तीवर जायचं, दशांशचिन्हासकट सांगितलं. देवी पुन्हा हसली. मागे दर्शनाची रांग देवळाबाहेर गेली होती, आणि रांगेतला जो तो सल्ला देत होता.

"अरे, तिला आकडे कसले सांगतोस?" लियेन मावशी कोळीण म्हणाली. "माझी मासळी उन्हात तापतेय इथं. तिला काय हवंय ते विचार की."

एवढ्यात आ-हाई काका आले. आ-किम मावशींचे यजमान. इस्त्रीचा सदरा, भांग चापून बसवलेला, आणि दुपार व्हायला अवकाश असताना कर्ण्याखालची खुर्ची धरून बसले. मावशी गेल्यापासून त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता. घरी एकही ध्वनिफीत नव्हती. यू-हानला त्यांच्याकडे बघवेना. त्यानं जवळ जाऊन खरं ते सांगून टाकलं.

काका रागावले नाहीत. कौल मागून घेतले, सावकाश गुडघे टेकले. "आई, आमच्या हिचा आवाज ऐकायचाय. यंत्रातलं मला काही कळत नाही."

होकार. पुन्हा होकार. तिसऱ्यांदाही होकार.

अध्यक्षांनी घसा खाकरला. कौल आवाजासाठी मिळालाय, पेटी मागे न्यायला नव्हे, असा मुद्दा त्यांनी काढला.

"मग आवाज नाही म्हणून तिला तुम्ही सांगा," लियेन मावशी म्हणाली. "तीनदा हो म्हटलंय तिनं. शब्द फिरवायचा तर तुम्ही फिरवा."

अध्यक्ष बाजूला झाले. नुसते झालेच नाहीत, तर यू-हानला खुर्चीही पुढे सरकवून दिली. यू-हाननं जुनं फर्मवेअर परत बसवलं. पेटी बंद झाली, चालू झाली, आणि सगळी गाणी जागच्या जागी हजर. घड्याळ भरदुपारला टेकलं होतं. घाईघाईत त्यानं हाताला लागलं ते गाणं लावलं. कर्ण्यातून मावशींचा आवाज उठला. समुद्रात बुडणाऱ्या नावा, देवीचा दिवा, सगळं देऊळ डोलू लागलं.

आणि ऐन रंगात मावशी थांबल्या.

"अहो, किती खोकताय. मी गातेय ना इथं? तो खोकला आवरा आधी."

यू-हानला घाम फुटला. उत्सवासाठी साफ करून ठेवलेलं गाणं निराळंच होतं. हे न कापलेलं, कच्चं लागलं होतं. अध्यक्ष लालबुंद होऊन 'बंद कर' अशा खुणा करू लागले. रांगेत खसखस पिकली. काकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

ते कर्ण्याकडे बघत होते. डोळे वाहत होते, आणि तोंडभर हसू.

"आवरतो गं," ते म्हणाले.

मावशी पुढे गाऊ लागल्या.

बाबांनो, कधी समुद्रकाठी देवीपुढे हात जोडाल, तेव्हा आमच्या आ-किम मावशींची तेवढी आठवण काढा.