आवक बंद

घरातल्या सगळ्या फायली एकाच ठिकाणी असाव्यात, असा ठराव एकमताने मंजूर झाला. मत एकच होते: सदतीस वर्षे कचेरीचा आवक-जावक विभाग सांभाळून निवृत्त झालेल्या हेडक्लार्कांचे. बायको तेव्हा भाजी निवडत होती.

ठरावानुसार जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही प्रणाली टाकून त्याचा सर्व्हर, म्हणजे घराचे दफ्तर, करण्यात आला आणि तो माळ्यावर रुजू झाला. मॉनिटर भंगारात गेला, कारण हेडक्लार्क आता हॉलमधल्या लॅपटॉपवरून हुकूम सोडणार होते. 'दुबार नोंदी टाळण्यासाठी' बायकोचा फोनही सर्व्हरवर रिकामा करण्यात आला. त्यात तिच्या आईचा आवाज रेकॉर्ड केलेला होता. चारच मिनिटांचा: स्वेटरचे टाके चुकवले म्हणून म्हातारी दोघी मुलींची नावे घेऊन त्यांना फैलावर घेते. रेकॉर्डिंगनंतर पुढच्याच महिन्यात ती गेली होती.

"मला तो ऐकावासा वाटला तर?" बायकोने विचारले.

"आधी वापरकर्ता म्हणून नोंद. मग गट, मग गटाला परवानगी. तुझा अर्ज विचाराधीन आहे."

"पण मी अर्ज केलाच कुठे?"

"म्हणूनच उशीर होतोय."

रविवारी चारला मेहुणी येणार होती, खास तो आवाज ऐकायला. सहाला तिची परतीची गाडी. पाहुणे येणार म्हटल्यावर सुरक्षा वाढवणे ओघाने आलेच. हेडक्लार्कांनी सर्व्हरवर फायरवॉल बसवली, म्हणजे दारावर एक शिपाई नेमला, आणि त्याला आदेश दिला: आवक पूर्ण बंद, अपवाद नाही. एन्टर दाबताच लॅपटॉप मुका झाला. हॉलमधून माळ्यावर जाणारा त्यांचा स्वतःचा हुकूमही आवकच होता. इतका आज्ञाधारक शिपाई सदतीस वर्षांत भेटला नव्हता, म्हणून त्यांना क्षणभर अभिमानही वाटला.

मेहुणी आली तेव्हा ते यंत्रालाच थेट हुकूम द्यायला शेजाऱ्यांकडून मॉनिटर मागून आणत होते. यंत्र खाली उतरवण्यासाठी प्लग काढला. पुन्हा सुरू केल्यावर पडद्यावर एकच ओळ आली: डिस्कचा पासवर्ड द्या. हे कुलूपही हेडक्लार्कांनीच घातले होते, चोवीस अक्षरी.

"कुठे लिहिलाय, भाऊजी?"

"पासवर्ड नोंदवहीत."

"आणि ती नोंदवही?"

हेडक्लार्कांनी त्याच यंत्राकडे बोट दाखवले. "सुरक्षित ठिकाणी."

साडेपाच वाजले. दोघी बहिणी स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. थोड्या वेळाने बायकोचा आवाज चढला, थेट तिच्या आईसारखा: "टाके मोज म्हटलं होतं ना मी? लक्ष कुठे असतं गं तुझं?" मेहुणी हसली, आणि हसता हसता हुंदका देऊन रडली.

दाराशी उभ्या हेडक्लार्कांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. "सदतीस वर्षं लोकांना बाहेर ताटकळत ठेवलं," ते म्हणाले. "आज माझा नंबर लागला. आत येऊ का?"

"अर्ज ठेवून जा," बायको डोळे पुसत म्हणाली.

तुम्ही हसलात, हरकत नाही. एवढेच सांगा: तुमच्या आईचा आवाज सध्या कुठे ठेवला आहे, आणि त्याचा पासवर्ड तुम्हाला आठवतो का?