हौशी रेडिओ वर्गाचा शंभर टक्के निकाल

ज्याला परीक्षा पास व्हायची आहे, त्यानं विषयापासून लांब राहावं. आमच्या उज्जैनच्या हौशी रेडिओ अभ्यासवर्गाचा पायाच हा आहे, आणि आमचा निकाल शंभर टक्के लागला आहे.

हौशी रेडिओ म्हणजे जवळ छोटा वायरलेस सेट ठेवायचा आणि मोबाइल बंद पडला तरी दूरच्या माणसाशी बोलायचं. त्याला सरकारी परवाना लागतो, परवान्याला परीक्षा. माधव नगरात जयंत सरांच्या हॉलमध्ये (सर बँकेतून निवृत्त, रेडिओशी त्यांचा संबंध हॉलपुरताच) आम्ही बाराजण रोज संध्याकाळी जमत असू. वर्गात सेट आणायला बंदी होती. सेट आला की माणसं त्यावर बोलायला बघतात आणि पाठांतर मागं पडतं.

पाठांतराची पद्धत सरांची स्वतःची. प्रश्नाचे पहिले तीन शब्द आणि बरोबर उत्तराचे पहिले दोन, एवढंच घोकायचं. पुढचं वाचलं तर अर्थ कळतो आणि माणूस उगाच विचारात पडतो. 'मदतीची हाक आल्यास' असं सर म्हणाले की आम्ही एका सुरात 'आपलं काम' म्हणायचो. (आपलं काम थांबवावं की चालू ठेवावं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. गुण मात्र पूर्ण मिळाले.)

वर्गाला एकच डाग होता, मधुरा. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिचे वडील यज्ञेश्वरकाका हल्ली घरचा पत्ता विसरतात, पण वर्षातून एकदाच, नागपंचमीला उघडणाऱ्या देवळाचं दर्शन विसरत नाहीत. मागच्या वर्षी त्या गर्दीत काकांचा हात सुटला, मोबाइलला रेंज नव्हती, आणि काका पाच तासांनी मिळाले. तेव्हापासून तिला गावात ठिकठिकाणी हाक ऐकणारी माणसं हवी होती. असल्या खासगी हेतूंनी अभ्यासाचं वातावरण बिघडतं.

"सर, एकदा सेट लावून तर बघू," ती म्हणाली. "कोणी बोलावलं तर कोणतं बटन दाबायचं, ते तरी माहीत पडेल."

"बेटा, ते सिलेबसमध्ये आहे का?"

"नाही."

"मग सगळ्यांचा टाइम कशाला खोटी करतेस?"

बाराही जण पास झाले. टावर चौकात आमच्या फोटोंचा फ्लेक्स लागला. नऊ परवाने फ्रेममध्ये गेले, दोन लॅमिनेट झाले. अरविंदरावांनी आपलं रेडिओवरचं सरकारी संकेतनाम मुलीच्या लग्नपत्रिकेत स्वतःच्या नावापुढं, पदवीच्या जागी छापलं. सेटही सगळ्यांनी घेतले, कारण ग्रुप फोटोत हातात काहीतरी हवं होतं.

यंदाच्या नागपंचमीला बॅरिकेडपाशी काकांचा हात पुन्हा सुटला. मोबाइल पुन्हा मुके. मधुरानं पर्समधून सेट काढला आणि सकाळी दहापासून दुपारी पावणेदोनपर्यंत आम्हा अकरा जणांना एकेक करून हाका मारल्या. एकशे चाळीस वेळा, असं ती म्हणते. आमच्याकडे तशी नोंद नाही, कारण सेट बंद होते. माझा शोकेसमध्ये होता, चांदीच्या गणपतीशेजारी. हे कळल्यावर मला लाज वाटली. साधारण पाच मिनिटं.

पुढच्याच रविवारी सरांचा सत्कार होता, त्यामुळे त्या विषयाला वेळ देता आला नाही. शाल, श्रीफळ, पोहे आणि जलेबी असा बेत. सरांनी 'संपर्काचं महत्त्व' या विषयावर पन्नास मिनिटं भाषण केलं. (माइक बिघडल्यामुळे मागच्या चार रांगांना ते ऐकू आलं नाही, टाळ्या तिथूनच जास्त पडल्या.) पोह्यांवर शेव कमी होती, अशी तक्रार सातजणांनी लेखी केली आणि तिची तातडीनं चौकशी झाली. मधुरा सत्काराला आली नाही. आमच्या वर्गातल्या रजनीताईंना हे फार लागलं. नव्या बॅचसाठी एकवीस अर्जही आले.

काका दुपारी चार वाजता देवास गेटच्या बसस्टँडवर सापडले, अनवाणी, पायाला फोड आलेले. एका फुलवालीनं त्यांना पाणी पाजून आपल्या टोपलीशेजारी बसवून ठेवलं होतं. तिच्याकडे परवाना नाही.

हे मघाशीच सांगायला हवं होतं, पण तुम्हीही पोह्यांपर्यंत निवांत वाचत आलात. तेव्हा नव्या बॅचमध्ये नाव घालण्याची तसदी घेऊ नका. तुमची तयारी झालेली आहे. थेट परीक्षेला बसा.