आबांची खिडकी

गिऱ्हाइकाला कमी माल घ्यायला लावणारा दुकानदार मी एकच पाहिला. आमच्या लासुर्ण्यातले रामभाऊ आबा. काडेपेट्यांचा पुडा मागा, आबा तो फोडून एक काडेपेटी हातावर ठेवणार. साबणाच्या चार वड्या मागा, एक देणार. वर म्हणणार, "बाकीचं उद्या."

"आबा, उद्या परत हेलपाटा कशाला?"

"का? पायाला मेंदी लावलीय व्हय?"

दुकान म्हणजे घराच्या पुढच्या भिंतीत पाडलेली एक खिडकी. आत फळ्या, बरण्या आणि आबा. बाहेर यायचं तर आधी गुळाची ढेप सरकवावी लागते. मागं घरात दुसरं कुणी नाही. मूलबाळ झालं नाही, आणि काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. रोज एसटीनं बारामतीला जाऊन बी.कॉम. केलं, आणि ते मी कुणालाही सांगायचं सोडत नाही. त्या जोरावर एकदा आबांना म्हटलं, "गिऱ्हाईक जास्त मागतंय तर जास्त विकावं. याला धंदा म्हणतात."

"हे कालिजात शिकवत्यात?"

"व्हय."

"मग फी परत माग."

असा हा माणूस. विक्षिप्त आहे, असंच मी धरून चालले होते. मग एके सकाळी मी खिडकीशी उभी असताना आबा माझ्या खांद्यावरून गल्लीकडं बघत म्हणाले, "सरूआत्या आली न्हाय अजून."

सरूआत्या गल्लीच्या टोकाला एकटी राहते. रोज सकाळी चहापत्तीचा छोटा पुडा नेते. एकच, अर्थात.

"येईल की आबा."

"चहाबिगर तिचं तोंड उघडत न्हाय. तू हितं थांब, गल्ला बघ." ढेप सरकवली आणि आबा निघाले. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात माझी.

सरूआत्या न्हाणीत घसरून पहाटेपासून पडली होती. शेजारच्याची जीप काढून आबांनी तिला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी कुणी कौतुक करायला गेलं तर उलट खेकसले, "मी पुडा द्याया गेलतो. म्हातारी पडलेली घावली, त्यात माझं काय?"

मी माझी चप्पल परत घेतली आणि बघतच राहिले. एक काडेपेटी, एक वडी, एक पुडा देऊन हा माणूस रोज अख्ख्या गल्लीची हजेरी घेत होता. ज्याला उद्या यावंच लागतं, तो उद्या दिसला नाही की कळतं. आजवर मी भली मोठी दुकानं पाहिली, पण असा माल ठेवणारं दुसरं दुकान पाहिलं नाही.

गेल्या दिवाळीत आमच्या भागातल्या व्यापाऱ्यांनी खरेदी महोत्सव काढला. हेतू चांगलाच होता. लोकांनी मोबाईलवरून मागवण्यापेक्षा गावातल्या दुकानातून घ्यावं. हजाराच्या खरेदीला एक कुपन, आणि सोडतीत पहिलं बक्षीस स्कुटी. आबांनाही कुपनांचा गठ्ठा मिळाला. 'छोट्या दुकानदाराला साथ द्या' असा भला मोठा बॅनर आला, आणि तो बांधायला सोयीची जागा नेमकी आबांच्या खिडकीवरच सापडली. त्यावरच्या हसऱ्या बाईच्या हनुवटीखालून आबा डोकावायचे.

"एकदम हजाराचं घेणारं माणूस माझ्याकडं आलं," आबा म्हणाले, "तर मी आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघीन." कुपनांचा गठ्ठा त्यांनी डुगडुगणाऱ्या तराजूखाली सरकवला.

गल्ली मात्र स्कुटीनं झपाटली. स्टँडजवळच्या मोठ्या दुकानातून पोत्यानं सामान यायला लागलं. आमच्या आईनं पुड्यावर पुडे आणून कपाट भरलं.

"आई, तुला स्कुटी येते का चालवता?"

"लागू दे तर आधी. मग शिकीन."

आबांच्या खिडकीवर माशीही बसेना. मी विचारलं, "आबा, धंदा बसला का?"

"धंद्याचं राहू दे गं. समद्यांच्या घरात समदं हाय. आता कोण बरं हाय, कोण न्हाय, मला कळायचं कसं?"

मग आबाच पिशवी घेऊन दारोदार फिरायला लागले. "काडेपेटी पायजे का?"

"न्हाय आबा, ढीग पडलाय."

"बरं बरं. आन् ह्यो खोकला कवापासनं?"

लोक हसायचे. म्हणायचे, आबा फेरीवाले झाले.

सोडत झाली. स्कुटी दुसऱ्याच गावात गेली. नंतर एका सकाळी अंगण झाडता झाडता आई एकदम थांबली. "अगं, आबा काल दारावर आलंच न्हाईत. परवा बी न्हाय."

आम्ही गेलो. बॅनरवरची बाई हसत होती. तिच्या हनुवटीखाली खिडकी बंद. कधीपासून, ते गल्लीत कुणालाच सांगता येईना. घराघरात सामान होतं, कुणाचं काही अडलं नव्हतं. दार ढकललं तर आबा खाटेवर, तापानं फणफणलेले, ओठ सुकलेले. आम्हाला बघून म्हणाले, "काय पायजे? दुकान बंद हाय."

पुढं बारामती, सलाईन, आणि डॉक्टरशी आबांची भांडणं. बरे होऊन घरी आले त्या दिवशी मी बॅनर सोडवून काढला.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली. चहाही न घेता आई तिथं जाऊन उभी राहिली, मी मागं. माझ्यामागं काठी टेकत सरूआत्या.

"आबा, काडेपेटी द्या," आई म्हणाली.

"सुमन, तुझ्या घरी पुडंच्या पुडं हायती. मी पोतं जाताना बघितलंय."

"हायती की."

आबांनी तिच्याकडं बघितलं. मग फळीवरचा पुडा तसाच, न फोडता, उचलून तिच्यापुढं ठेवला. आईनं तो स्वतः फोडला, एक काडेपेटी घेतली आणि पुडा मागं सरकवला.

"बाकीच्या उद्या," ती म्हणाली.

सुट्टे शोधायला आबांनी गल्ल्यात मान घातली, ती बराच वेळ वर आली नाही. आईनं सुट्टेच दिले होते.