दारातली बाई

"खोटा शब्द? आपल्या कोशात?" अर्थलेखकाच्या हातातला चष्मा टेबलावर पडला.

"चोर पकडायला," मालक म्हणाले. "पलीकडच्या गल्लीतला कोशवाला आपले शब्द जसेच्या तसे उचलतो. जगात कुठेच नसलेला एक इंग्रजी शब्द घाला. त्याच्या कोशात दिसला, की सापडला मुद्देमालासकट! पण ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा नये."

बावीस वर्षं अनवट इंग्रजी शब्दांचे अर्थ आणि उगम इमानेइतबारे लिहिणाऱ्या माणसाला हे पापच वाटलं. घरी आला तर सासूबाई निघण्याच्या बेतात होत्या. सहा वाजता त्या "निघते हं मी" म्हणाल्या. सात वीस झाले तरी दारातच होत्या. एका पायात चप्पल, एक हात चौकटीवर आणि तोंडी मैत्रिणीच्या गुडघ्याची कहाणी. त्यांच्याकडे बघता बघता जावयाला शब्द सुचला.

दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं : 'थ्रेंबल : निरोप घेऊनही दारात तासभर बोलत उभी राहणारी बाई. उगम : जुन्या खलाशांची बोली, दोर सोडला तरी धक्का न सोडणारं गलबत.' मालकांना तो इतका आवडला, की तो खोटा आहे हे ते दोनदा विसरले.

पण कोश छापला, की पहिली प्रत जायची सासूबाईंकडे. त्या रोज पाच शब्द पाठ करत आणि लगेच वापरून मोकळ्या होत. पोस्टमनला त्या 'क्विडनंक' म्हणत. लॅटिनमध्ये 'क्विड नंक' म्हणजे 'आता काय?', त्यावरून बातम्या हुंगत फिरणाऱ्याला हे नाव पडलं, हे त्यांनी पोस्टमनलाही समजावून सांगितलं होतं. जावयाच्या जुन्या रेडिओला तर त्यांनी 'डिफेनेस्ट्रेशन'ची, म्हणजे खिडकीतून बाहेर फेकण्याची, धमकी दिली होती.

महिन्याभराने त्या आल्या त्या कोश उघडूनच. "जावईबापू, थ्रेंबल! काय शब्द आहे हो! आमच्या शेजारणीच्या मापानेच शिवलाय!"

जावयाचा चहा नाकात गेला. शब्द खोटा आहे म्हणावं तर मालक, कुणावरून सुचला ते सांगावं तर बायको. इकडे आड, तिकडे विहीर. तो नुसतं "हो का?" म्हणाला, आणि तिथेच फसला.

सासूबाईंनी तो शब्द शेजारणीच्या तोंडावर वापरला. मग वाचनमंडळात भाषण केलं. मग 'वाढती थ्रेंबल प्रवृत्ती' असं पत्र वर्तमानपत्रात छापून आणलं, खाली पूर्ण नाव-पत्त्यासह. आणि पुढच्याच महिन्यात पलीकडच्या कोशवाल्याची नवी आवृत्ती आली. तिच्यात थ्रेंबल होता!

मालकांनी आनंदाच्या भरात वकिलाची नोटीस धाडली. आठवड्यात उत्तर आलं : 'शब्द लोकांच्या वापरातून घेतला आहे. सोबत कात्रण.'

"ह्या बाई कोण?" मालकांनी कात्रण नाचवलं.

अर्थलेखकाने खालचं नाव वाचलं. "सासूबाई. माझ्या."

मालकांनी कात्रण टेबलावर आपटलं. "म्हणजे तुम्ही घरात बोललात!"

"नाही हो, शपथ! त्यांनी कोशात वाचला."

"मग तसं त्यांच्याकडून लिहून आणा. उद्या पाचपर्यंत. नाहीतर परवापासून येऊ नका."

तो धावतच सासूबाईंकडे गेला आणि शब्द कुणावरून सुचला तेवढं सोडून सगळं एका दमात सांगून टाकलं.

"खोटा?" त्या किंचाळल्याच. "अहो, त्या शब्दापायी शेजारीण दोन महिने माझं तोंड बघत नाहीये!" तरीही जावयाच्या नोकरीचा प्रश्न म्हणून त्यांनी मुकाट्याने लिहून दिलं. त्याला पोचवायला त्या दारापर्यंत आल्या आणि चौकटीला हात टेकून पाऊण तास बोलल्या. मध्येच त्यांनी विचारलं, "पण काय हो, हा शब्द सुचला कुणावरून?"

जावयाने जमिनीकडे पाहिलं. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग चौकटीवरच्या स्वतःच्या हाताकडे. हात हळूच खाली आला.

"या आता," म्हणत त्यांनी दार लावलं.

नोकरी वाचली. पलीकडच्याला आवृत्ती परत घ्यावी लागली. पण रविवारी सासूबाई आल्या, "निघते" म्हणाल्या आणि खरोखरच गेल्या. जावई उठेपर्यंत जिना रिकामा! बायको हबकली. "अहो, आईला काय झालंय? बोललात का काही?"

तीन रविवार असेच गेले. सहानंतर घर इतकं गप्प असायचं, की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. जावयाला धक्काच बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्याला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. मैत्रिणीच्या गुडघ्याचं पुढे काय झालं, तेही त्याला कळलं नव्हतं. सासूबाईंच्या साऱ्या खऱ्या गोष्टी दारातच सुरू व्हायच्या.

चौथ्या रविवारी तो स्वतःच त्यांच्याकडे गेला. "चुकलो," म्हणाला. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. सव्वासहाला तो "निघतो" म्हणाला आणि एका पायात चप्पल घातली. मग त्याला मालकांचं काहीतरी आठवलं, त्यावरून वकिलाचं, त्यावरून बायकोच्या नव्या पडद्यांचं.

"जावईबापू, पावणेआठ झाले," सासूबाई म्हणाल्या.

त्याने पाहिलं. त्याचा हात चौकटीवर होता.

सासूबाई आत गेल्या आणि कोश व पेन्सिल घेऊन बाहेर आल्या. "अर्थ चुकलाय तुमचा," त्या म्हणाल्या. "'बाई' खोडा, 'माणूस' लिहा. आणि आता ऐका गुडघ्याचं काय झालं ते."

त्याने दारातच उभ्या उभ्या खोडलं आणि दुसऱ्या पायात चप्पल न घालताच ऐकू लागला.