सहा पायांचा बैल

अध्यापक विद्यालयात मी जन्मभर बालमानसशास्त्र शिकवलं. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल नको, माती द्या, हे मी झोपेतही सांगू शकतो! जागेपणी, वर्गाबाहेरच्या चार माणसांसमोर मात्र जमत नाही.

पण आमची नात खुशबू वरोऱ्याच्या कॉन्व्हेंटात जायला लागली आणि वहीभर 'ए' काढता काढता रडायला लागली, तेव्हा ठरवलं : पालकसभेत बोलायचंच!

उभा राहिलो. पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मॅडम... मुलांना... माती..." एवढं म्हणून खाली बसलो.

"व्वा सर!" मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "उद्यापासून माती सुरू!"

जिंकलो की हो!

दुसऱ्याच दिवशी खुशबूने काळ्या मातीचा बैल घरी आणला. सहा पायांचा!

"सहा काऊन गं?"

"आबाजी, तो जोरात पळून राह्यला ना!"

माझे डोळे भरून आले. असलं उत्तर आजवर फक्त पुस्तकात वाचलं होतं.

पण आठवड्याभरात माती हा विषय झाला. गुण दहा, रोज गृहपाठ, आणि तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, बैलांची स्पर्धा! खुशबूच्या पुढच्या बैलाला शेरा मिळाला : 'पाय चारच हवेत. पालकांनी लक्ष द्यावे.'

मी शाळेत धावलो. "मॅडम, मातीचं जरा..."

"कमी पडते का, सर? दोन तास करू!"

केले!

शेजारचा प्रफुल फाटकातच उभा. "सर, तुमीच सांगतलं म्हन्ते हे! आता आमच्या पोराले मातीची ट्यूशन लावा लागते. घेता का?"

स्पर्धेच्या आदल्या दिवशी खुशबू मातीला हातच लावेना.

"मले नाई येत. चुकते."

"बाबा, काईतरी करा ना," सून नंदिनी म्हणाली, "सकाळपासून रडून राह्यली पोरगी."

काय करायचं ते मला पाठ होतं. तिच्याजवळ मातीत बसायचं आणि गप्प राहायचं. मी घाबरलो, आणि पट्टीने पाय मोजून बैल स्वतःच केला. चार पायांचा.

पहिला नंबर! नाव पुकारलं, तरी खुशबू जागची हलेना.

"मी नाई केला! आबाजीनं केला!"

सगळा मांडव हसला. शेवटी खाली मान घालून मीच कप घेऊन आलो. जन्मात मिळालेला हा माझा एकमेव पुरस्कार. वयोगट : तीन ते चार वर्षे!