पाठमोऱ्या अक्का

शरयूअक्का माणसं पाठीवरून ओळखायच्या. एकदा चामराजपेटेतल्या आमच्या घरमालकांनाच त्यांनी दारात विचारलं, "कोण हवंय?" ते चिडून परत फिरले, तशा ह्या ओरडल्या, "अय्यो, तुम्ही होय! समोरून आलात, म्हणून ओळखलं नाही."

अक्का मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायच्या. त्यातही खांदा आणि दंडाची मागची बाजू म्हणजे त्यांचं माहेर. भाजीवालीच्या दंडावर बोट ठेवून सांगायच्या, "हा ट्रायसेप्स. ह्याला तीन डोकी."

"मला एकच आहे, तेही दुखतंय अक्का. कोथिंबीर घेता?"

मी शेजारच्या खोलीत राहायचे, मोर्च्यांची पत्रकं लिहायचे. मोर्च्यात मी मूठ उगारलेली पाहून त्या घरी आल्यावर म्हणाल्या, "घोषणा ठीक होती गं, पण मान कशाला ताणतेस? हात वर न्यायला खांदा आहे." खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून मला डुलकी लागली की हलवून उठवायच्या. "हाडाला चिकटून मज्जातंतू जातो तिथं, तो दबतो. मनगट लुळं पडलं, तर क्रांती कोण लिहिणार?"

केसांतली फुलं म्हणजे बाईची गुलामी, असं माझं एक जळजळीत पत्रक होतं. अक्कांनी ते वाचलं, त्यातलं शुद्धलेखन सुधारलं आणि मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा माळून कॉलेजात गेल्या.

निवृत्तीआधीचा त्यांचा शेवटचा तास होता, त्या सकाळी मात्र त्यांचं दार लोटलेलं. मी आत डोकावले.

"मी येत नाही म्हणून कॉलेजात फोन कर."

"का?"

त्यांनी उजवा हात उचलला. छातीपर्यंत आला आणि अडला. खांदा बरेच दिवस आखडत चालला होता, कुणाला बोलल्या नव्हत्या.

"फळ्यावर डाव्या हातानं काढीन. पण अंबाडा एका हातानं होत नाही. अशी झिंज्या सोडून मुलांपुढं उभी राहू?"

"वळा," मी म्हटलं.

साऱ्या पेटेच्या पाठी पाहिलेली ही बाई माझ्याकडे पाठ करून पहिल्यांदाच बसली. मी केस विंचरले, पीळ घातला, आकडे खोचले, गजरा माळला.

"तुझ्या पत्रकाचं काय गं?"

"स्वल्प गप्प बसा, थोडा वेळ. हलू नका."

त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. भिंतीकडे बघतच त्या म्हणाल्या, "आई गेल्यापासून माझ्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता."

अंबाडा घट्ट बसला होता. तासाला अजून वेळ होता.

"सैल झालाय," मी म्हटलं आणि सगळे आकडे काढून पुन्हा विंचरायला घेतलं.