बाबांचा खांब

बाबांचा खांब ग्राफपेपरात मावेना, म्हणून बारकीने वर दुसरा कागद चिकटवला, तेव्हा कुठे घरात तिच्या प्रयोगाचा बोभाटा झाला. तोवर पोरगी विज्ञान प्रदर्शनासाठी काहीतरी मोजतेय एवढंच सगळ्यांना माहीत होतं. काय मोजतेय, हे विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती. आता भिंतीवर तीन खांब उभे होते आणि वर ठळक अक्षरांत विषय होता: 'आईने जेवायला हाक मारल्यापासून माणूस ताटावर येईपर्यंत लागणारा वेळ'.

दादाचा खांब बुटका होता, कारण त्याला भूकच फार. आजोबांचा त्याहून उंच, कारण त्यांना आधी चष्मा सापडावा लागे आणि मग कवळी. बाबांचा खांब मात्र पहिला कागद ओलांडून दुसऱ्यात घुसला होता.

"तुझं स्टॉपवॉच बिघडलंय," बाबा म्हणाले.

"तुमच्याच दुकानातलं आहे," बारकी म्हणाली. "तुम्हीच दुरुस्त केलंत."

बाबा म्हणजे गल्लीतले घड्याळजी. घराखालीच दुकान, आणि निम्मी वस्ती त्यांच्याकडे बघून घड्याळ लावायची. प्रदर्शनाला हीच सगळी मंडळी येणार. वेळेचा एवढा मोठा जाणकार स्वतः ताटावर कधी येतो, ते भर सभागृहात टांगलं जाणार होतं. अब्रूचा प्रश्न होता.

"अगं, त्या वेळी मी कामात असतो. नाजूक काम असतं."

"कारणांना रकाना नाही, बाबा."

"मग 'बाबा' नको लिहूस. 'एक गृहस्थ' लिही."

"दादा, आजोबा आणि एक गृहस्थ? कळेल की सगळ्यांना."

आजोबा खुशीत होते. "बारके, एक रेघ खोडू नकोस हं. जन्मात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी आधी पोचलोय."

खोडायचा प्रश्नच नव्हता. आकडा आवडला नाही म्हणून टाकायचा नाही, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, आणि बाईंचा शब्द बारकीला घरातल्या सगळ्यांच्या शब्दापेक्षा वजनदार वाटे. नवीन आकडे मात्र मिळवता येत होते. ते मिळवून सरासरी काढायची, की खांब खाली येईल. "मग आजपासून बघच," बाबा म्हणाले.

त्या रात्री हाक संपायच्या आत ते ताटावर हजर होते. खांब खाली आला, पण केसभर. दुसऱ्या दिवशी आणखी केसभर. जुने आकडे इतके दांडगे होते, की दोन वेळच्या जेवणांनी त्यांना काही फरक पडत नव्हता. प्रदर्शन तर आठवड्यावर आलं होतं.

"मला दिवसातून दहा वेळा हाक मार," बाबांनी आईला सांगितलं.

"आणि दहा वेळा घालू काय जेवायला?"

"एकेक घास दे. घास खाल्ला, की मी परत खाली दुकानात जातो."

बारकीने नियम तपासला. माणूस ताटावर आला आणि जेवला, म्हणजे आकडा धरायला हरकत नव्हती. आईची हरकत होती. "मी काय शाळेची घंटा आहे? दहा वेळा यायचं असेल तर रिकाम्या हाताने जायचं नाही. याल तेव्हा काहीतरी काम करून जा."

मग सुरू झालं. हाक आली, की बाबा जिना चढून वर. एक घास खायचा आणि कांदा चिरायचा. पुढच्या हाकेला एक घास आणि कणीक मळायची. पुढच्या हाकेला भांडी. दुकानात गिऱ्हाईक तिष्ठत राही. पोस्टातल्या बाईंचं घड्याळ टेबलावर उघडं पडलेलं असताना हाक आली, तेव्हा बाबा डोळ्याला लावलेल्या भिंगासकट उठले.

"जेवून या सावकाश," बाई म्हणाल्या.

"सावकाश कसलं? चौथ्यांदा जेवतोय."

घाईत बाबांच्या हातातला चिमटाही वर गेला, आणि चिमट्यातली स्प्रिंगही. ती संध्याकाळी भाजीत आजोबांना सापडली. कवळीचा तुकडा पडला असं वाटून आजोबा अर्धा तास आरशासमोर आ वासून उभे होते. बाबांनी स्प्रिंग धुतली, पुसली आणि पोस्टातल्या बाईंच्या घड्याळात बसवली. घड्याळ चाललं. बाईंना काही सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

पण बाबा हटले नाहीत. पोट बिघडलं तरी घास चुकवला नाही. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी खांब पहिल्या कागदात उतरला. आजोबांपेक्षा अजून उंच होता, पण माणसात आला होता. वरचा कागद बाबांनी स्वतःच्या हाताने सोडवला.

प्रदर्शनात ते इस्त्रीचा शर्ट घालून आलेखाशेजारी उभे राहिले. पोस्टातल्या बाई आल्या, बघून गेल्या, हसल्या नाहीत. बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग परीक्षक बाई आल्या. त्यांनी आलेख वरपासून खालपर्यंत नीट वाचला.

"घरात आई नाही का?"

"आहे ना," बारकी म्हणाली. "तीच तर हाक मारते."

"मग तिचा खांब कुठे आहे?"

"तिला जेवायला कुणी हाक मारतच नाही. मग मोजणार काय?"

परीक्षक बाईंनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. "आलेख छान काढलाय," बाई बारकीला म्हणाल्या, "पण मोजणारी तू सोडलीस, तरी घरातलं एक माणूस राहिलंच. प्रयोग अपुरा आहे. मी निकाल उद्या सकाळी लावणार. तोवर जमलं तर बघ."

घरी येताना बारकीचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. "आज आईला हाक मारायची," ती म्हणाली. "पण खोटी चालणार नाही. खरंच जेवण तयार पाहिजे."

"मी करतो," बाबा म्हणाले. त्यांना लाज वाटत होती. खांबाची वाटली होती त्यापेक्षा जास्त.

आठवडाभर कांदे चिरले होते, कणीक मळली होती, त्यामुळे हात बसला होता. आईला स्वयंपाकघरात यायची बंदी झाली. ती थोडा वेळ दाराशी घुटमळली, दोनदा "गॅस बारीक करा" म्हणाली, आणि मग वाचनालयातून आणलेली कादंबरी घेऊन आतल्या खोलीत जाऊन पडली. बाबांनी ताटं वाढली. बारकीने स्टॉपवॉच धरलं.

"अगं, जेवायला ये," बाबांनी हाक मारली.

"हो," आतून आवाज आला.

माणूस आलं नाही.

"परत हाक मारू?"

"नाही," बारकी म्हणाली. "पहिली हाकच धरतात."

दादाने ताटाकडे हात नेला, बाबांनी तो बाजूला केला. आतून पान उलटल्याचा आवाज आला. "तुम्ही सुरू करा," आई म्हणाली, "आत्ता कुठे खुनी सापडतोय."

"नाही, थांबतो आम्ही," बाबा निश्चयाने म्हणाले.

दादाचा खांब मागे पडला. आजोबांचा पडला. बारकीची नजर स्टॉपवॉचवरून हलत नव्हती. "बाबा," ती हळूच म्हणाली, "तुमचाही गेला. आता आई सगळ्यात उंच."

आठवडाभर ज्यासाठी जिवाचं रान केलं, ते बसल्या जागी पदरात पडलं होतं. पण बाबांचं लक्ष ताटांवर होतं. "ते राहू दे गं," ते म्हणाले. "इथे सगळं गार होतंय. मरमर करून रांधायचं, आणि कुणाला पत्ता आहे का?"

आजोबा आणि दादा दोघंही खाली बघू लागले.

शेवटी आई आली. पुस्तकात बोट घालून, सावकाश. ती बसली, तसं बारकीने स्टॉपवॉच बंद केलं. आईने पहिला घास घेतला. चौघंही तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मीठ कमी आहे," आई म्हणाली, आणि ताटाशेजारी पुस्तक उघडून पुढे वाचू लागली.